दादाचं बाहेरचं टेबल

सुतकात मी मासे खाल्ले. थोरल्या भावाच्या सुतकात, आणि ज्या हाताने त्याला अग्नी दिला त्याच हाताने. आमच्याकडे अग्नी देणाऱ्याने तेरा दिवस एकवेळ अळणी जेवायचं, चटईवर झोपायचं, मासळीचं नावसुद्धा काढायचं नाही. हे सगळं मी घरात पाळलं. बाहेर पाळलं नाही. आणि त्यापायी माझी वहिनी आठवडाभर जवळजवळ उपाशी राहिली. हे मी आजवर एकाच माणसाला सांगितलं आहे.

काळाचौकीच्या चाळीत आम्ही दोघं भाऊ एकाच मजल्यावर राहायचो, मध्ये तीन खोल्या. दादाला मूल नव्हतं. लालबागला एका बंद गिरणीच्या भिंतीपाशी त्याला एक तपकिरी गावठी पिल्लू सापडलं, ते त्याने घरी आणलं. दादा गॅलरीत पाट टाकून जेवायचा तेव्हा कुत्रा शेजारी. एक घास स्वतःला, एक त्याला. मला ते बघवायचं नाही. शेवटी मी चाळ कमिटीकडे अर्ज दिला, की सामायिक गॅलरीत कुत्र्याला जेवायला घालू नये. खाली सही माझी एकट्याची होती. दादा भांडला नाही. गॅलरीत जेवायचा थांबला, आणि माझ्याशी बोलायचाही. अशी पाच वर्षं गेली. मग एका सकाळी दाढी करता करता तो खाली बसला, तो उठलाच नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कुत्रा जिना उतरला आणि दादाच्या स्कूटरपाशी जाऊन उभा राहिला. भुंकला नाही, बसला नाही. तासभर उभाच.

"त्याला समुद्रावर न्या भावजी," वहिनी म्हणाली. "हे न्यायचे दादरला. सवय आहे त्याला."

मी चावी घेतली. मला त्या कुत्र्याची भीती वाटायची, पण तो माझ्याकडे न बघता स्कूटरवर चढून पायांपाशी उभा राहिला. परळवरून जाताना मला वाटत राहिलं की वळणं मी घेत नाही, स्कूटरच घेते आहे.

दादरला ओहोटी होती. राखाडी वाळू लांबवर उघडी पडलेली. सूर्य डोळ्यांवर येत होता म्हणून डिकीतली दादाची टोपी काढून मी डोक्यावर चढवली. कुत्रा मात्र वाळूवर फिरायला तयार नव्हता. पाण्याकडे पाठ करून तो थोडा वेळ थांबला, मग दोरी ताणत मला मागच्या एका गल्लीत घेऊन गेला. तिथे एक लहानशी खानावळ होती. आत चार टेबलं, बाहेर फुटपाथवर एक. त्या बाहेरच्या टेबलाखाली तो शिरला.

गल्ल्यावर एक म्हातारी बाई बसली होती, जाड भिंगांचा चष्मा लावून.

"आलात? किती दिवस लावलेत हो," ती म्हणाली. "कालच्या रविवारी टेबल कुणाला देऊ दिलं नाही मी."

मी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं, की मावशी, मी तो नव्हे, तो गेला. आम्हा भावांची चण सारखी, आवाज तर इतका सारखा की फोनवर आईसुद्धा फसायची. त्यात डोक्यावर दादाची टोपी. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "नाही जमलं मध्ये."

"नेहमीचंच ना?"

"नेहमीचंच."

नेहमीचं म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. कुरकुरीत तळलेली मांदेली आली, भात, सोलकढी, आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर कुत्र्यासाठी मऊ भातात कुस्करलेली, काटे काढलेली सुरमई. तीन दिवसांच्या अळणी जेवणानंतर तो वास नाकात गेला आणि मी सुतक विसरलो. विसरलो म्हणणंही खोटंच. आठवत होतं आणि खाल्लं. कुत्रा पानासमोर तोंड न लावता बसला होता, माझ्या हाताकडे बघत. मी पहिला घास घेतला तेव्हा त्याने मान खाली घातली. खाऊन झाल्यावर त्याने माझ्या डाव्या पायावर हनुवटी टेकली. त्याआधी तो मला कधी शिवलाही नव्हता.

घरी वहिनीने त्याच्या वाडग्यात दूधभात कालवला. त्याने हुंगला आणि तोंड फिरवून दादाच्या खाटेखाली जाऊन पडला.

"बघितलंत?" ती म्हणाली. "मुका जीव दुःख करतो. तो खाय नाय तवसर माझ्या पण घशाखाली उतराचा नाय."

माझ्या बोटांना मांदेलीचा वास होता. मी हात पाठीमागे धरले. कुत्र्याचं पोट भरलं आहे, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते बोललो असतो तर पोट कुठे भरलं हे सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "खाईल उद्या."

उद्याही मी त्याला घेऊन गेलो, परवाही. सुतकातला माणूस कुत्र्याला फिरवतो याचं चाळीत कौतुक झालं. वहिनी चहावर आणि एखाद्या केळ्यावर राहू लागली. शेजारणींनी तिला भरवायचा प्रयत्न केला, माझ्या बायकोने शपथा घातल्या. ती वाडग्याकडे बोट दाखवायची. आठव्या दिवशी उठताना तिने दाराची चौकट धरली आणि बराच वेळ सोडली नाही. ते मी डोळ्यांनी पाहिलं आणि त्याच संध्याकाळी पुन्हा दादरला गेलो.

का गेलो? मासे हे एक कारण, ते नाकारत नाही. पण त्या टेबलाशी बसलो की मी अर्ज करणारा माणूस नसायचो. मावशी म्हणायची, "या." कुत्रा पायावर मान टेकायचा. आणि काहीतरी आणखी होत होतं, ते नीट सांगता येत नाही. मांदेलीचं डोकं मी जन्मात खाल्लेलं नाही, मोडून बाजूला ठेवतो. दादा अख्खं खायचा, लहानपणी त्यावरून मला चिडवायचा. एका संध्याकाळी ताटात पाहिलं तर एकही डोकं उरलेलं नव्हतं. ती मी कधी खाल्ली ते मला आठवेना. त्याच दिवशी चाळीचा जिना चढताना वहिनी टॉवेल घेऊन लगबगीने दारात आली.

"आज लवकर..." म्हणाली, आणि मला बघून थांबली. टॉवेल तसाच हातात. "पावलं तशीच वाटली हो," एवढंच बोलून ती आत वळली.

दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवून आम्ही मागे सरतो न सरतो तोच कावळा शिवला. भटजी म्हणाले, समाधानाने गेला माणूस. मी डोकं भादरून घेतलं. घरी सांगितल्यावर वहिनी रडली आणि म्हणाली, "हे सुटले. हा अडकलाय ना पण," आणि पुन्हा वाडग्याकडे बोट.

त्या संध्याकाळी वारा पडला होता. टेबलाशी बसल्यावर घाम पुसायला मी टोपी काढली, नेमकी मावशी सोलकढी घेऊन बाहेर आली तेव्हा.

"अगो बाय माझे," तिने पेला खाली ठेवला. "कोण गेलं?"

"भाऊ," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

"धाकटा? ज्याला कुत्रा चालत नाही तो?"

मी "हो" म्हणालो.

"अरे अरे. एकदा आणतो म्हणायचात त्याला. म्हणायचात, मावशी, त्याला मांदेली नको, तो डोकी मोडून टाकतो, त्याला सुरमईच द्या. राहिलंच म्हणायचं ते."

"राहिलं."

"आता राग नका ठेवू हो त्याच्यावर. मेल्या माणसावर राग धरू नये."

मी माझ्याच मरणाचं सांत्वन ऐकत बसलो होतो, आणि मान हलवत होतो. ती आत गेली, पानाच्या तुकड्यावर भाताचा घास आणि सुरमईचा तुकडा घेऊन आली, भोवती पाणी फिरवलं आणि पान कुत्र्यासमोर ठेवलं. "घे रे राजा. तुझ्या काकाच्या नावाचा."

इतके दिवस पान पुसून खाणारा तो कुत्रा उठून उभा राहिला. घास हुंगला. एक पाऊल मागे गेला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. माणसं जात-येत होती, शेजारच्या टपरीवर रेडिओ चालू होता, आणि मला यातलं काही ऐकू येत नव्हतं.

"शिवत नाही," मावशी हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या भावाचं काहीतरी अडलंय. बोला काहीतरी. कबूल करा, त्याशिवाय तो जायचा नाही."

कावळा शिवेना की आपल्यात असंच बोलतात. पोरांना सांभाळू म्हणतात, बहिणीला अंतर देणार नाही म्हणतात. मी डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत म्हणालो, "वहिनीला सांगतो. आजच सांगतो." डोळे उघडले तेव्हा पान रिकामं होतं. कुत्र्याने खाल्लं की कुणी उचललं, मी पाहिलं नाही. मावशीने हात जोडले आणि ती आत गेली. माझ्या ताटाला मी हात लावला नाही.

घरी आलो तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात दूधभाताचा वाडगा. मी दार लोटून घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. खानावळ, टेबल, टोपी, मासे. कुत्र्याचं पोट रोज भरलेलं असायचं, हेही.

"हे तिथे जेवायचे?" तिने विचारलं. "मला म्हणायचे, वारा पिऊन आलो, भूक नाही."

"तिथेच जेवायचा."

"आणि मी इतके दिवस कुणासाठी उपाशी बसले, भावजी?"

मी खाली बसलो. कुत्रा आमच्या दोघांच्या मधे होता. मी तिच्या पायांना हात लावला. दीर वहिनीच्या पाया सणालाच पडतो, तिने पाय आखडून घेतले.

"वहिनी, माझं चुकलं," मी म्हणालो. "तुला मी उपाशी ठेवलं. आणि दादाला मी घराबाहेर जेवायला लावलं. त्याची माफी मागायची राहिली. ती पण तूच ऐकून घे. मला माफ कर."