समासातली पेन्सिल

वाचनालयातल्या बाईंनी जुनी रहस्यकथा पुढे केली. "घ्या, तुमच्या इन्स्पेक्टरची पहिली केस. बांधणी सुटलीय, जपून वाचा." त्याच्या पुढच्या सगळ्या कादंबऱ्या मी वाचल्यात. त्यांत तो कधीच चुकत नाही.

घरी येऊन पुस्तक उघडलं, तर अकराव्याच पानावर डॉक्टरांच्या नावाखाली रेघ आणि समासात पेन्सिलीने लिहिलेलं, "हाच खुनी!" असा संताप आला! ताटातला लाडूच कुणी उचलून न्यावा, तसं झालं.

मग काय, डॉक्टर नुसते खोकले तरी मला संशय. इन्स्पेक्टरलाही तोच संशय. इथे तो नवखा आहे, साहेबांसमोर अडखळतो. त्याने डॉक्टरांना बेड्या ठोकल्या आणि शेवटच्या प्रकरणात खुनी निघाला त्यांचा कंपाउंडर. टोपी हातात घेऊन इन्स्पेक्टर डॉक्टरांच्या दारात उभा राहिला. "चुकलो," एवढंच म्हणाला. इतकी वर्षं मला त्याचं कौतुक होतं. माया आज वाटली.

त्या 'चुकलो'शेजारी तीच पेन्सिल होती. अक्षर जरा लहान झालेलं: "मीपण."

'मी' आणि 'पण' वेगळे लिहायला हवेत. जोडले की त्याचा अर्थ अहंकार होतो. पण अहंकार इतका ओशाळलेला मी कधी पाहिला नव्हता. माझा राग कुठल्या कुठे गेला.

वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलोय. तरी उठून पेन्सिल शोधली आणि त्याच्याखाली, शब्द तसेच जोडून, लिहिलं, "मीपण."