काटेवालीचं वजन

बाजारातले बिघडलेले वजनकाटे दुरुस्त करणारी काटेवाली मोजकं जेवूनही फुगत चालली होती. "चोरून खातेस गं! हवा खाऊन कुणी सुटतं का?" सासूबाई टोमणा मारत.

दवाखान्यातल्या काट्यावरचा आकडा पाहून ती उतरली आणि पिशवीतलं प्रमाणित वजन तिनं त्यावर ठेवून बघितलं. काटा अचूक होता.

"म्हणजे बिघाड माझ्यातच! खाते तर मोजकंच."

"पण जिभेत नसावा," डॉक्टरीणबाई हसल्या. "पाळी चुकते ना? अंडाशयाचा त्रास वाटतोय, पीसीओएस. त्यात वजन चढतं लवकर, उतरता उतरत नाही."

"काटा तर उघडावा लागतो. माझा बिघाड न उघडता दिसतो?"

"सोनोग्राफीत दिसेल."

पडद्यावर अंडाशयातले बारके बारके फुगे दिसले, तशी ती कोपरावर उठली. "बंद नका करू, बाई. बाहेर सासूबाई बसल्यात, त्यांनाही बघू दे."