गावंडेभाऊंच्या चिठ्ठ्या

भर दुपारी, बाहेर लख्ख ऊन असताना, हा माणूस हातात टॉर्च घेऊन बसायचा. गावंडेभाऊंना त्यांच्या दुकानात मी पहिल्यांदा पाहिलं ते तसंच. टेबलावर कंप्युटरचा बंद पडलेला पडदा, म्हणजे मॉनिटर, आणि भाऊ त्याच्या काचेवर टॉर्च तिरकी धरून नाक लावून वाकलेले. शेजारी गिऱ्हाईक, कुणा वकिलाकडचे मुन्शी. भाऊंनी त्यांना खांद्याला धरून खाली वाकवलं. "देखो जी. दिखा?" मीही वाकले. ठार काळ्या काचेत, टॉर्च पडेल तेवढ्या जागी, पुसट अक्षरं होती. सगळा कागद आत शाबूत होता.

"चित्र हाय, उजेड गेला," भाऊ माझ्याकडे वळून म्हणाले. "लोकं म्हन्तात पडदा मेला. मेला नसते तो, वैनी. मांगचा दिवा जाते."

मुन्शीजी म्हणाले, "ठीक हो जाएगा ना, अंकलजी? कुछ तो बोलो."

"पेट खोले बगैर डॉक्टर भी नहीं बोलता. शाम को आओ."

"पक्का आज ही? कचहरी में तो तारीख पे तारीख मिलती है."

"मैं तारीख नहीं देता, मुन्शीजी. आप के जज साहब की नौकरी क्यों खाऊँ."

भाऊ मूळचे अकोल्याकडचे. आमचे हे आणि ते एअर फोर्समध्ये एका युनिटला होते. निवृत्तीनंतर दोघंही इथेच, चंदीगडला राहिले. आमचे हे फुलझाडं लावत बसले आणि भाऊंनी बाईस सेक्टरच्या मार्केटात एक बूथ घेतला. इथे लहान दुकानाला बूथच म्हणतात. चाळीस वर्षं पंजाब-हरयाणात काढून भाऊंची वऱ्हाडी काही सुटली नाही. पंजाबीसुद्धा ते वऱ्हाडी चालीवर बोलायचे आणि सरदार गिऱ्हाइकं मुद्दाम त्यांना बोलायला लावून हसायची.

त्यांचा एक नियम होता, तो तोंडपाठ झालाय मला. "उघडल्याबिगर बोलू नये, आन उघडल्यावर लपवू नये." पडदा उघडला, आतले फुगलेले कपॅसिटर, म्हणजे बोटाच्या पेराएवढ्या त्या नळ्या, काढले, नवे लावले, की ते एका चिठ्ठीवर सगळं लिहायचे. काय बिघडलं होतं, काय बदललं, आणि स्वतःच्या हातून काही चुकलं असेल तर तेही. चिठ्ठी पडद्याच्या पाठीवर चिकटवायची. ती हिंदीत असायची, कारण ती गिऱ्हाइकासाठी नसायचीच. "उद्या दुसऱ्या कारागिराच्या हाती गेला त त्यानं फसू नये. त्यानं बी खाली आपलं लिहावं." मी म्हटलं, "आपली चूक कोण लिहून ठेवतं, भाऊ?" तर म्हणाले, "विमानात लिवाच लागे. थ्या सवयीनं वाचलो आम्ही."

आता मुद्द्याचं सांगते. इतकं बोलते मी, पण हे सांगताना जीभ अडते.

आमची मृणाल मोहालीच्या एका कंपनीत होती. कोविडात घरूनच काम. तिच्या खोलीतल्या त्या पडद्यासमोर रविवारी ती मला बसवायची आणि म्हणायची, "मम्मी, आप बोलते रहो, मैं सेव कर रही हूँ." मराठी सगळं कळायचं तिला, उत्तर मात्र हिंदीत. मी पुरणाचं सांगायची, माहेरच्या विहिरीचं सांगायची, मध्येच ती हसायची, आणि मग माझा आवाज, तिचं हसणं, सगळं त्यातून परत ऐकू यायचं. दुसऱ्या लाटेत ती गेली. दवाखान्यातून कपड्यांची पिशवी आली, त्यात फोन नव्हता. कुणाला विचारणार? तिथे तेव्हा माणसांचीच शुद्ध नव्हती. आमचे हे त्याच्या दोन वर्षं आधीच गेलेले. घरात मी एकटी.

काही महिन्यांनी खोली आवरायला घेतली. पडदा मी दुपट्यात गुंडाळून कपाटात ठेवला. माझी पोर त्यात होती ना. आणि टेबलाखाली एक काळा डबा होता, आत पंखा घरघरायचा, धूळ बसायची. विजेचं काहीतरी असेल, म्हटलं, आता काय करायचंय. गल्लीत सायकलच्या हातगाडीवाला कबाडी, म्हणजे भंगारवाला, आला होता, त्याला वर्तमानपत्रांबरोबर देऊन टाकला. डब्याच्या अंगावर मृणालने सूर्यफुलांची चित्रं चिकटवली होती. ती काढून घ्यावीत असं मनात आलं, पण निघेनात.

मग एक दिवस धीर करून पडदा बाहेर काढला, वायर लावली. काळाच. तशी मी तो उचलून रिक्षाने बाईसला गेले.

भाऊंनी टॉर्च लावली, पाठ उघडली, दोन नळ्या दाखवल्या. "हे फुगले. होते हे." मग म्हणाले, "याचा डबा कुठी हाय, वैनी?"

"तो दिला कबाड्याला. रिकामाच होता."

भाऊंनी टॉर्च विझवली. "कोनाले देला? कवा?"

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, "आन याच्यात काय पाहाचं हाय तुम्हाले?" मी म्हटलं, "मृणालला. तिचा आवाज आहे त्यात." त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "ठिवून जा. पुढच्या सोमवारी या."

त्या सोमवारी गेले, तर म्हणाले एक सामान यायचंय, पुढच्या सोमवारी. तेव्हाही तेच. ज्या माणसाने कधी कुणाला तारीख दिली नाही, त्याने मला तीन दिल्या, आणि मला शंका आली नाही. मी घरी तिच्या खोलीत टेबल पुसून ठेवलं होतं. समोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या.

तिसऱ्या सोमवारी त्यांनी बूथचं शटर अर्धं खाली ओढलं. "बसा. मी खोटं बोललो तुम्हाले." आणि मग सांगितलं. पडद्यात काही साठत नाही. पडदा फक्त दाखवतो. साठतं ते सगळं त्या डब्यात. हे त्यांना पहिल्या दिवशीच, मी बोलले त्याच क्षणी कळलं होतं. तेव्हापासून ते स्कूटर घेऊन त्या कबाड्याच्या मागे होते. त्याने डबा मनीमाजऱ्याच्या एका गोदामात दिला होता, तिथून तो पिंजौरच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या गोदामात गेला होता. भाऊ तिथे चार वेळा जाऊन आले होते. त्यांनी टेबलाखालून काहीतरी काढून माझ्यासमोर ठेवलं. डब्याच्या एका बाजूचा पत्रा. चेपलेला. त्यावर तीन सूर्यफुलं.

"आतलं समदं फोडून विकलं त्याहीनं. वाटलं, डबा सापडला त तुम्हाले सांगाचं कामच नाई पडनार."

मी काय बोलले ते लिहायलाच हवं. मी म्हटलं, "तुम्हाला स्वतःचं मूल असतं ना भाऊ, तर तीन आठवडे मला असं खेळवलं नसतंत."

भाऊ आणि त्यांच्या बायकोला मूल नव्हतं. त्यासाठी त्यांनी काय काय केलं होतं ते मला, एवढ्या वर्षांच्या ओळखीने, चांगलं ठाऊक होतं. त्यांनी पडद्याची पाठ बसवली, एकेक स्क्रू हाताने फिरवला. पाठमोरे होऊन चिठ्ठी लिहिली, चिकटवली, पडदा माझ्या दुपट्यात परत बांधून दिला. "वायर मांगून ढिली हाय. जपून न्या," एवढंच म्हणाले. पत्रा मी तिथेच टाकून आले.

पडदा कपाटात गेला. मी बाईसला पुन्हा गेले नाही. दसऱ्याला जाईन, दिवाळीला जाईन, असं करत थंडी आली. धुक्याच्या दिवसांत भाऊंच्या छातीत कफ झाला, दवाखान्यात नेलं आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. पंचवीस सेक्टरच्या स्मशानात मी बाहेरच्या बाकावर बसले होते. ते मुन्शीजी आले होते, डोक्यावरून शाल घेऊन, आणि आपल्याशीच म्हणत होते, "तारीख भी नहीं दी, अंकलजी."

मागाहून मी भेटायला गेले तर भाऊंच्या बायकोने माझा हात धरला. "वैनीचा पडदा लागला का, इचारत होते हो. दोनदा इचारलं. मले काय माहीत?"

मी लावूनच पाहिला नव्हता.

घरी आले, दुपट्याची गाठ सोडली, वायर लावली. उजेड आला. स्वच्छ, पांढरा. त्यावर एक लहान चौकोन फिरत होता, त्यात इंग्रजीत 'नो सिग्नल' लिहिलेलं. तो थोडा वेळ इकडून तिकडे फिरला आणि पडदा आपल्याआपण विझला. वायर काढायला मी पाठ वळवली, तेव्हा ती चिठ्ठी दिसली.

ती मराठीत होती. या शहरात ती वाचू शकेल असा एकही कारागीर नाही.

'दोन कपॅसिटर फुगले होते, बदलले. मागचा दिवाही कमजोर होता, नवीन टाकला. पडद्यात काही नव्हतं. हे उघडल्यावर लगेच सांगायला पाहिजे होतं, सांगितलं नाही. चूक दुरुस्त करणाऱ्याची.'

खाली जागा सोडलेली होती. दुसरा कारागीर लिहितो तेवढी.

मी पेन आणलं. त्या जागेत लिहिलं. 'डबा मी दिला होता. आणि मुलाचं बोलले तेही मीच. चूक गिऱ्हाइकाची.'