आंटींचा गालिचा, आमचा वास

माझं नाक तिखट आहे. ही बढाई नाही असं म्हणणार होते, पण बढाईच आहे. शेजारच्या घरात दूध उतू गेलं तर मला इथे कळतं. डब्यात कालची भाजी भरली असेल तर झाकण उघडायच्या आत मी सांगते. नवरा म्हणतो, तुला पोलिसांच्या कुत्र्यांच्या पथकात घ्यायला हवं होतं. अशा बाईच्या दिवाणखान्यातला गालिचा कुत्रीच्या मुताने घमघमत होता आणि तिला पत्ता नव्हता. रोजच्या वासाला नाक सरावतं, हे मला तेव्हा कळलं. कोल्हापूरचं एक लग्न आटोपून आम्ही म्हैसूरला परत आलो, मी दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकले.

हा वास साधा नव्हता. त्यावर आमचं घर टिकून होतं. त्यासाठी हे घर मिळालं कसं ते आधी सांगायला हवं.

विजयनगरातलं हे खालच्या मजल्याचं घर आम्ही भाड्याने घेतलं, तेव्हा आम्ही इकडे नवखे होतो. नवऱ्याची नोकरी कडकोळच्या एका कारखान्यात, कुत्री नुकतीच रस्त्यावरून उचलून आणलेली, आणि माझं कन्नड मीच लावलेल्या एका शोधावर चाललेलं. शोध असा, की अर्धे शब्द तर आपलेच आहेत. मराठी शब्द उचलायचा आणि शेवटी ‘इदे’ नाहीतर ‘इल्ला’ लावायचं, म्हणजे आहे किंवा नाही. भाजी आणि रिक्षा यांवर आरामात मिळत होत्या.

घरमालकीणबाई वर राहायच्या. अजूनही राहतात. आम्ही त्यांना आंटी म्हणतो. घर दाखवताना त्या दिवाणखान्यात थांबल्या आणि जमिनीकडे बघत राहिल्या. तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत डाळिंबी रंगाचा लोकरी गालिचा होता. त्यांच्या यजमानांनी हौसेने आणलेला. यजमान गेले, आंटी वरच्या लहान घरात राहायला गेल्या, पण गालिचा काही त्या जिन्यावरून वर चढेना. तो इथेच राहील, तुम्ही सांभाळा, असं त्या म्हणाल्या. मला वाटलं, नवऱ्याने कुत्रीचं त्यांच्या कानावर घातलं आहे आणि त्यांना गालिच्याची काळजी वाटते आहे. म्हणून मी छातीठोकपणे म्हटलं, “नायी वास इल्ला!” नायी म्हणजे कुत्रा. आमच्या कुत्रीला वास येत नाही, असं मला म्हणायचं होतं. आंटी खूश झाल्या. “सरी, सरी,” म्हणाल्या आणि किल्ली हातात दिली.

सामान घेऊन टेम्पो आला त्या दिवशी कुत्रीने खाली उडी मारली, सरळ दिवाणखाना गाठला आणि गालिच्याच्या मधोमध अंग टाकलं. आंटी जिन्यातून बघत होत्या. त्यांचा आवाज चढला. मीही काही कमी नाही. कुत्रीकडे बोट दाखवून मी तितक्याच जोरात ओरडले, “वास इल्ला! वास इल्ला!”

मदतीला आलेली माझी एक मैत्रीण हातातली बादली खाली ठेवून हसायला लागली. ती इथल्याच अग्रहार भागातली. तिचे पूर्वज म्हैसूरच्या राजाच्या फौजेत आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलतात, पण निम्मं कन्नड मिसळून. ती म्हणाली, “अय्यो, असं कसं म्हटलीस गं? कन्नडात वास म्हणजे ऱ्हाणं की! नाकाचं ते वासने. तू तेनला सांगितलीस, हिते कुत्रं ऱ्हातच न्हाई म्हणून. गोत्ताय्ता?”

गोत्ताय्ता, म्हणजे कळलं का. कळलं. चांगलंच कळलं. मैत्रिणीने आंटींना सगळा घोळ उलगडून सांगितला. आंटींनी तो ऐकून घेतला, एकदा कुत्रीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. हसू आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. मग म्हणाल्या, “नोडम्मा, वासने बंद्रे वास इल्ला.” बघ बाई, वास आला की इथलं राहणं संपलं. कुणाचं राहणं, कुत्रीचं की आमचं, हे विचारायची मला हिंमत झाली नाही. मी मान डोलावली. त्या अटीवर आम्ही इतकी वर्षं इथे राहिलो, आणि आंटींना नाक मुरडायची एकदाही संधी दिली नाही, हे मी ताठ मानेने सांगते.

मग कुत्री म्हातारी झाली. झोपेत तिला कळेनासं झालं. उठली की गालिच्यावर तळहाताएवढा ओला डाग असायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गळती थांबली. मीही डाग पुसून मोकळी झाले. पण आधीचं सगळं आत मुरलं होतं. त्यात पावसाळा. दमट हवेने ते जुनं दुखणं पुन्हा वर काढलं.

लग्नाहून परतलो त्याच आठवड्यात आंटी माझ्या दारात आल्या, उंबऱ्याबाहेरच थांबल्या. दसऱ्याला त्यांच्याकडे गोंबे मांडतात. गोंबे म्हणजे बाहुल्या. पायऱ्यापायऱ्यांवर मांडलेल्या, राजा-राणीच्या जोडीपासून भाजीवालीपर्यंत. बघायला बायका येतात, त्यांना हळदीकुंकू देतात. आंटींचे गुडघे आता साथ देत नव्हते आणि येणाऱ्या बायकांनाही जिना नको झाला होता. यंदा गोंबे तुझ्याकडे, माझ्या गालिच्यावर मांडू का, असं त्यांनी विचारलं. मी होय म्हणाले. दुसरं काय म्हणणार? दार लावलं आणि वळून गालिच्याकडे पाहिलं. नवरात्रभर आंटी त्या गालिच्यावर वावरणार होत्या. अट त्यांची, गालिचा त्यांचा, आणि वास आमचा.

नवरा शांत माणूस आहे. शांतपणे म्हणाला, “कुत्रीला पोर्चमध्ये ठेवू. नाहीतर नंजनगूडकडे आपल्या त्या ओळखीच्या माणसाची बाग आहे, तिथे सोडू. मोकळी जागा आहे.” मी त्याच्यावर जी उखडले ती आजही त्याला आठवते. उभा जन्म आपल्या पायाशी काढलेला जीव, आता दिसत नाही, ऐकू येत नाही, आणि त्याला अनोळखी बागेत सोडायचं? गुन्हा तिने केलेला नाही, तिच्या वयाने केला आहे. जाईल तर वास जाईल, कुत्री जाणार नाही, असं मी बजावलं. बोलून बसले, आता करून दाखवणं भाग होतं.

पहिल्यांदा सगळे करतात तेच मी केलं. फिनेलने पुसलं. मग चंदनाच्या उदबत्त्या लावल्या, म्हैसुरात काय कमी. फिनेल, चंदन आणि कुत्री असे तीन वास एकाच खोलीत नांदायला लागले. मग बाजारातलं महागाचं एन्झाइमचं द्रावण आणलं, शिंपडलं, लगेच पुसलं. दोन दिवस बरं वाटलं. पाऊस पडला आणि वास पुन्हा हजर. माझ्या नाकी नऊ आले. मला राग आला, आणि राग आला की माझं डोकं चालतं.

मी बाटली घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि तिच्यावरचं बारीक अक्षरातलं सगळं वाचून काढलं. ओलं ठेवा, पुष्कळ वेळ ठेवा, आधी जंतुनाशक वापरलेलं नसावं. समोर ओट्यावर दह्याचं भांडं झाकून ठेवलेलं होतं. त्याच्याकडे बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हे तर विरजण आहे! भांडं फिनेलने धुतलं तर दही लागेल का? विरजण घालून लगेच ओतून दिलं तर लागेल का? आणि मी नेमकं तेच करत होते. कोल्हापूरच्या बाईला दही लावायला शिकवायची गरज नाही.

मग मी गालिच्यावर दही लावायला घेतलं. म्हणजे शब्दशः नव्हे. नवऱ्याने घाबरून तसं विचारलं होतं खरं. सामान हलवलं, गालिच्याची बाजू उचलली आणि खालचा खरा चोर सापडला. गालिच्याखाली जाड फेल्टचं अस्तर होतं. वरून मी पुसत होते आणि सगळं प्यायलं होतं ते अस्तराने. अस्तर बाहेर काढताना नवऱ्यालाही शिंक आली, म्हणजे बघा. ते टाकून दिलं. खालची लाल गुळगुळीत फरशी धुऊन कोरडी केली. मग गुडघ्यावर बसून, नाक लोकरीला लावून, मी तो अख्खा गालिचा इंच इंच हुंगला. जिथे वास तिथे खडूची खूण. कुत्री माझ्या मागे मागे फिरत होती. तिला वाटलं असावं, शेवटी हिला अक्कल आली.

रंग उतरतो का, ते एका कोपऱ्यात पांढऱ्या ओल्या फडक्याने पाहिलं. नाही उतरला. गार पाण्याने फिनेल काढून टाकलं. ओतायचं आणि जुन्या पंच्याने टिपायचं, टिपायचं, घासायचं नाही. गरम पाणी मी जवळपास फिरकू दिलं नाही. लोकर आटते आणि वासही पक्का बसतो. मग खुणांवर ते द्रावण दोन्ही बाजूंनी मुरेपर्यंत घातलं, वर ओलं फडकं, त्यावर प्लास्टिक, आणि कुणीही हात लावायचा नाही. दही लागेपर्यंत भांडं हलवायचं नसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गार पाणी, पुन्हा टिपणं, आणि मग वाळवणं. पाऊस आमची परीक्षा बघायला टपलेलाच होता. पोर्चमध्ये खुर्च्यांच्या पाठींवर गालिचा पसरून, खाली पंखा लावून, ऊन आलं की नवरा आणि मी तो अंगणात ओढायचो, ढग आला की आत. वरच्या गॅलरीतून आंटी हे सगळं बघत होत्या. शेवटी खायचा सोडा भुरभुरून झाडून काढला, नवं अस्तर घातलं आणि गालिचा जागेवर आला.

मी नाक लावलं. लोकर. फक्त लोकर. मला इतका आनंद झाला की मी तिथेच आडवी पडले आणि छताकडे बघत हसत राहिले.

पण माझ्या नाकावर माझाच विश्वास उरला नव्हता. ते एकदा दगा देऊन चुकलं होतं. निकाल आंटींचाच. गोंबे मांडायच्या आधी त्या खाली आल्या, खुर्चीत बसल्या, आणि मला गालिच्याचा कोपरा उचलून द्यायला सांगितला. दोन्ही हातांत धरून त्यांनी तो चेहऱ्याजवळ नेला. डोळे मिटले. मग कोपरा माझ्या हातात दिला आणि पायऱ्या कुठे लावायच्या ते सांगू लागल्या. वासाबद्दल हो नाही, ना नाही. आंटींच्या मनात काय आहे ते मला काही केल्या कळेना.

पहिल्याच संध्याकाळी दिवाणखाना भरला. सात पायऱ्यांवर गोंबे, समोर दिवे, गालिच्यावर बायका. अग्रहारातली मैत्रीण माझ्या शेजारी होती. कुत्रीला मी आतल्या खोलीत कोंडलं होतं आणि ते मला आतून खात होतं. सणासुदीला घरच्याच माणसाला आत कोंडल्यासारखं वाटत होतं. कुणीतरी पाणी प्यायला आत गेलं आणि दार उघडं राहिलं. म्हातारी हळूहळू बाहेर आली. दिसत नसूनही बायकांच्या मधून बरोबर वाट काढत आली आणि गोंब्यांच्या समोर, आपल्या नेहमीच्या जागी, गालिच्यावर अंग टाकून बसली.

एका पाहुणीने पदर आवरून घेतला. “यार्दु ई नायी?” तिने विचारलं. कुणाचं हे कुत्रं?

मी उठणार, तोच आंटी बोलल्या. हातातल्या कुंकवाच्या वाटीवरून नजरही न उचलता, नेहमीच्या आवाजात.

“अदु इल्ले वास.”

इथेच वास. इतकी मेहनत, आणि वास इथेच. माझ्या मराठी कानांना तेवढंच ऐकू आलं. मी कुत्रीला उचलायला वाकले, आणि मैत्रिणीने माझा हात धरला.

“वासने न्हाई गं,” ती कुजबुजली. “वास.”

इथेच राहतं ते. असं म्हणाल्या होत्या आंटी. भरल्या घरात, स्वतःच्या गोंब्यांसमोर, यजमानांच्या गालिच्यावर.

मी खाली बसले. डोळे पुसले, पुसले ते सगळ्यांसमोर पुसले, लाज वाटली नाही. आंटींनी माझ्या कपाळाला कुंकू लावलं, हातात हरभऱ्याच्या उसळीचा द्रोण दिला आणि पुढच्या बाईकडे वळल्या. पाहुणीने पदर सोडला आणि कुत्रीला थोडी जागा करून दिली.