पाळणा, हातबत्ती आणि एक गोट

जुन्या वस्तूंच्या दुकानात किस्से गोळा करावे लागत नाहीत. प्रत्येक वस्तू आपला माणूस बरोबर घेऊनच येते. नाशिकच्या प्रभाकरकाकांच्या दुकानात मी नऊ वर्षं काम करतेय. काका कमी बोलतात, म्हणून गिऱ्हाईक जास्त बोलतं.

*

एक आजी सागवानी पाळणा विकायला आल्या. दुकानात तेव्हा एक इंटिरियर डिझायनर बाई होत्या. त्यांना तो बाल्कनीत टांगून कुंड्या ठेवायला हवा होता. आजींना वाईट वाटेल असं मला वाटलं. आजींनी पाळण्यावरून एकदा हात फिरवला.

"आठ लेकरं वाढली त्यात. झाडं बी वाढतील."

*

मनमाडचे एक रिटायर्ड रेल्वे गार्ड मुलीबरोबर झुंबर बघायला आले. नजर गेली कोपऱ्यातल्या गार्डच्या हातबत्तीवर. त्यांनी ती उचलली, काच फिरवली. लाल, हिरवी, परत लाल.

मुलगी म्हणाली, "घ्या ना बाबा, हॉलमध्ये छान दिसेल."

"नको. ही उचलली की तुझी आई दारापर्यंत यायची. आता कोण येणार?"

झुंबरही न घेता दोघं गेले.

*

दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदाराने नवा बंगला बांधला, पण त्याचे वडील मळ्यातली खोली सोडून तिथे यायला तयार नव्हते. हा आमच्याकडून कडीचं जुनं नक्षीदार दार घेऊन गेला. महिन्याने फोन आला, वडील राहायला आले.

"दार आवडलं का त्यांना?" काकांनी विचारलं.

"नक्षीकडं बघितलंबी नाय. म्हणले, तुझी ती बेल दाबायचं भ्या वाटायचं. कडी वाजवता येती मला."

*

सुनंदाताई नाशिक रोडला शिक्षिका आहेत. त्यांच्या डी.एड.च्या वेळी आईने हातातले चांदीचे गोट, म्हणजे त्या जाड बांगड्या, मोडले होते. ताई नोकरीला लागल्यापासून तसेच गोट शोधत होत्या. नवे करून दिले तर आई घालेना. आमच्याकडे त्या चार वर्षं येत होत्या. काका दरवेळी मान हलवायचे.

गेल्या दिवाळीआधी जुन्या चांदीच्या पिशवीत एकच गोट निघाला. एका बाजूला चेपलेला. ताईंनी तो हातात घेतला आणि स्टुलावर बसल्या.

"जात्यावर आपटून आईचा असाच चेपला होता."

काका म्हणाले, "ताई, चेपलेले गोट पुष्कळ असतात. तोच आहे असं मी सांगणार नाही."

"सांगू नका," म्हणत ताईंनी तो रुमालात बांधला.

आठवड्याने त्या आल्या. मी विचारलं, "आईंनी ओळखला?"

"आई म्हणाली, हा माझा नव्हे. माझा याहून जास्त चेपला होता."

"मग परत आणलात?"

"नाही ना. तिने तो घातलाय. आंघोळीलासुद्धा काढत नाही."