पांढरा ठिपका
आरोंद्याचा धोंडू खाडीत कुर्ल्या, म्हणजे खेकडे, धरायचा. पहिली कुर्ली खाडी राखणाऱ्या देवचाराच्या नावाने सोडायची, हा त्याचा नेम. बासष्ट साली खाडीतल्या कुर्ल्यांचा अंदाज घ्यायला एक साहेब आले. धरलेल्या कुर्लीच्या पाठीवर पांढरा ठिपका देऊन ती सोडायची आणि पुन्हा सापडली की टोपलीत ठेवायची, अशी त्यांची रीत. त्यांच्या हट्टापायी धोंडूने एकदा ठिपक्याची निघालेली पहिलीही टोपलीत टाकली. परतताना चिखलात कुणीतरी त्याचा पाय घट्ट धरला, मग सोडला. घरी पाहतो तर टाचेवर पांढरा ठिपका, घासूनही न जाणारा.

लोक म्हणतात, रंग सांडला असेल! शहाणे कुठले! धोंडू पुन्हा खाडीत उतरला नाही. मला म्हणाला, "एकदा धरून सोडल्यान माका. मी परत गावलंय तर सोडूचो नाय."