ज्याचा बिल्ला, त्यानेच उलटायचा

मीटरकाकांचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि ही गोष्ट ते लपवतही नसत. एकतीस वर्षं त्यांनी घरोघरी जाऊन विजेचे मीटर तपासले होते. लोक मीटरला लोहचुंबक लावतात, मागून चोरून तार ओढतात, सील तोडून पुन्हा चिकटवतात आणि वर दारात उभं राहून हसतमुखाने "चहा घेणार ना?" विचारतात, हे त्यांनी इतक्यांदा पाहिलं होतं की कोणी आपणहून चहा विचारला की त्यांची नजर आधी भिंतीकडे जाई. निवृत्तीनंतर मीटर सुटले, नजर सुटली नाही. घराला कुलूप लावून दोन जिने उतरले की पुन्हा वर जाऊन कुलूप ओढून बघायचे. बायकोने गॅस बंद केला म्हटलं तरी स्वयंपाकघरात जाऊन बटण चाचपायचे.

"लग्नाला चौतीस वर्षं झाली," बायको म्हणायची, "अजून चौकशी चालूच आहे का माझी?"

"तुझी नाही गं, गॅसची."

"गॅस मीच बंद करते ना?" यावर काका पेपर उघडायचे.

खांदेदुखीवर वल्हं मारणं चांगलं, असं कुणीतरी सांगितलं म्हणून ते शहराबाहेरच्या तलावावर, कनू क्लबात गेले. कनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, अंगाने अरुंद होडी. जरा वेडंवाकडं बसलं की माणसाला पाण्यात टाकायला तिला फार वेळ लागत नाही. पहिल्याच दिवशी काकांच्या अंगावर लाइफ जॅकेट चढवलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "हे शेवटचं कधी तपासलं?" सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. पुढच्या रविवारी काकांनी प्रत्येक जॅकेटला विटा बांधून धक्क्यावरून पाण्यात सोडलं. चार जॅकेटं विटांसकट तळाला गेली. ती वर काढून काकांनी सगळ्यांसमोर कात्रीने मधोमध कापली, म्हणजे उद्या कोणी "चालतंय की" म्हणून परत खुंटीवर अडकवायला नको. लोकांचा पापड मोडला, पण महिन्याभरात त्यांनाच सुरक्षाप्रमुख केलं. क्लबचे सचिव, पेशाने दातांचे डॉक्टर, तेव्हा म्हणाले होते, "असा माणूस जवळ असलेला बरा. लांबून त्याचा त्रास जास्त होतो."

काकांनी क्लबात आणलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे बिल्ल्यांचा फळा. प्रत्येक सभासदाचा नंबर असलेला एक लाकडी बिल्ला, एका बाजूने हिरवा, दुसऱ्या बाजूने लाल. पाण्यात उतरताना लाल बाजू वर करायची, परत आल्यावर हिरवी. फळ्यावर लाल दिसला की त्या नंबरचा माणूस अजून पाण्यावर आहे. सहाला कुलूप लावताना एकही लाल असला, तर मोटरबोट काढून शोधायला निघायचं. फळ्याच्या डोक्यावर काकांनी स्वतः रंगाने लिहिलं होतं: ज्याचा बिल्ला, त्यानेच उलटायचा. कारण लोक काय करतात, हे त्यांना ठाऊक होतं. एक जण मोटारीत जाऊन बसतो आणि तिथून ओरडतो, "माझाही उलट रे." मग मित्राच्या भरवशावर मित्राचा बिल्ला उलटला जातो, आणि एक दिवस भलताच माणूस पाण्यावर राहतो. मैत्रीतच माणसं बुडतात, असं काका नव्या सभासदांना सांगायचे. नवे सभासद हसायचे, काका हसायचे नाहीत.

शिवाय त्यांची एक शिस्तीची वही होती. धक्क्यावर पळणारे, जॅकेटचा खालचा पट्टा न लावणारे, दुसऱ्याच्या होडीला मुद्दाम धक्का देणारे, सगळे त्यात तारखेसकट जायचे. वहीत कोण आहे हे काका सांगत नसत, त्यामुळे आपण नक्कीच आहोत असं प्रत्येकाला वाटे.

या वहीत गेल्या सहा महिन्यांत वाचनालयातल्या बाई तीनदा आल्या होत्या. बाई आयुष्यभर वाचनालयात होत्या. आता वय बासष्ट, मुलगा-सुनेकडे राहायच्या, आठवड्यातून तीनदा दुपारी तलावावर यायच्या. वल्हं सुंदर मारायच्या, पाण्याचा आवाजसुद्धा होत नसे. पण तीनदा त्या बिल्ला लाल ठेवून घरी निघून गेल्या होत्या. पहिल्या वेळी काकांनी मोटरबोट काढून तासभर तलाव पालथा घातला, आणि बाई घरी भाजी निवडत होत्या. तेव्हापासून त्यांच्या मनात बाईंबद्दल पाल चुकचुकायची ती चुकचुकायचीच. बाईंच्या मुलालाही तीच काळजी होती. घरी एकदा इस्त्री चालू राहिली होती, एकदा नळ. त्याने काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "काका, अजून एकदा असं काही झालं ना, तर आईचं पाण्यावर येणं बंद. मी तिला तसं सांगितलंय."

काका म्हणाले होते, "मी लक्ष ठेवून आहे." ते कुणालाही हेच सांगायचे, पण बाईंच्या बाबतीत ते शब्दशः खरं होतं.

तो गुरुवार होता. काका चारला आले आणि नेहमीप्रमाणे आधी फळ्यासमोर उभे राहिले. एकच बिल्ला लाल होता, बाईंचा. काकांनी होड्यांच्या मांडणीकडे पाहिलं. बाई कायम सात नंबरची होडी घ्यायच्या, आणि सात नंबर जागेवर होती, कोरडी. खुंटीवर बाईंची कापडी पिशवी नव्हती. जॅकेट तर त्या स्वतःचंच आणायच्या आणि घरी न्यायच्या. काकांनी होड्या मोजल्या. क्लबच्या बारा, त्यातली तीन नंबरची फुटली म्हणून मिस्त्रीकडे दिलेली, राहिल्या अकरा. मांडणीवर अकरा होत्या.

"गेल्या," काका स्वतःशी म्हणाले. "चौथ्यांदा."

टेबलावर फोन होता, आणि त्याखाली काकांच्याच अक्षरातला नियम होता की माणूस दिसत नसेल आणि बिल्ला लाल असेल, तर आधी घरी फोन करावा. काकांनी फोनकडे पाहिलंही. पण फोन केला की बाई म्हणणार, "अगंबाई, राहिला का?" आणि हसणार, आणि ते हसणं काकांना त्या दिवशी नको होतं. त्यांनी हात वर केला, बाईंचा बिल्ला उलटून हिरवा केला, आणि वहीत तारीख घालून लिहिलं: पुन्हा विसरल्या. डोक्यावर लिहिलेला नियम त्यांनी त्याच क्षणी वाचला होता, असं नंतर त्यांना आठवलं. तो इतरांसाठी आहे, असं तेव्हा वाटलं होतं.

सहा वाजता सगळे बिल्ले हिरवे होते. काकांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं, दहा पावलं जाऊन परत आले, पुन्हा ओढून पाहिलं आणि घरी गेले.

पावणेआठला डॉक्टरांचा फोन आला. वाचनालयातल्या बाई तलावाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्यात सापडल्या होत्या. होडीत पाणी भरून ती उलटली, आणि बाई तिला धरून तीन तास लव्हाळ्यांजवळ तरंगत होत्या. पंपहाऊसवरच्या माणसाला त्यांच्या जॅकेटला बांधलेली शिट्टी ऐकू आली म्हणून बरं. अंग गार पडलं होतं, पण आता घरी होत्या, पांघरुणात.

"कुठली होडी?" काकांनी विचारलं.

"तीन नंबर. मिस्त्री दुपारीच पोहोचवून गेला होता, धक्क्यावर ठेवून. मला त्याने फोन केला होता, तुम्हाला सांगायचं माझ्याकडून राहिलं. बाईंनी सात नंबर एकटीने खाली काढण्यापेक्षा समोर होती ती घेतली. आणि त्या मिस्त्रीचं ठिगळ उखडलं. पण काका, फळ्यावर बिल्ला हिरवा कसा? बाई लाल करायलाच विसरल्या, दुसरं काय. उद्या संध्याकाळी बैठक लावतो. मुलगा फार चिडलाय."

काकांनी फोन ठेवला. तोंडचं पाणी पळालं होतं, पण सवय जात नाही. ते खुर्चीत बसले आणि एकेकावर संशय घेऊ लागले. मिस्त्री आधीपासूनच कामचुकार, ठिगळ त्याचंच. डॉक्टरांना लोकांचे दात लक्षात राहतात, निरोप राहत नाहीत. बाईंनी रोजची होडी सोडून दुसरी घेतलीच का? पिशवी होडीत नेलीच का? सगळ्यांचे मीटर तपासून झाले. प्रत्येकात थोडी थोडी खोट निघाली, आणि ती सगळी मिळूनही बिल्ला हिरवा होत नव्हता. तो एकाच हाताने झाला होता.

बायको दारात उभी होती. "काय केलंत?" तिने विचारलं.

"मी? मी काय करणार? होडी फुटली."

"होडी फुटली तर तुम्ही आत्तापर्यंत त्या मिस्त्रीला फोनवर झाडत असता. गप्प बसलाय म्हणजे काहीतरी केलंय." चौतीस वर्षांच्या संगतीने तीही तपासायला शिकली होती. काकांनी मग तिला सांगितलं.

"कोणी पाहिलं?"

"नाही."

"मग उद्या काय करणार आहात?"

काकांना उत्तर देता आलं नाही, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात उभं राहून त्यांनी हाच प्रश्न विचारला होता, आणि समोरची माणसं खोटं बोलायच्या आधी कशी गप्प होतात हे त्यांना पाठ होतं.

बैठक क्लबच्या खोलीत होती. जॅकेटांचा ओलसर वास, भिंतीला उभी वल्ही, मध्ये लांब टेबल. बाई मुलाशेजारी बसल्या होत्या. उन्हाने भाजलेलं नाक आणि खरचटलेले हात सोडले तर तशाच दिसत होत्या, फक्त लहान वाटत होत्या. काकांच्या मांडीवर वही होती.

मुलगा आवाज न चढवता बोलला. "मला क्लबवर काही म्हणायचं नाही. होडी फुटू शकते. पण आईने बिल्ला लाल केला असता, तर सहा वाजता माणसं निघाली असती. तिने केला नाही. तिचं नाव काढून टाका, एवढंच सांगायला आलोय."

"बाई, तुम्हाला काय आठवतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"केला होता असं वाटतं," बाई म्हणाल्या. "म्हणजे, काल रात्रीपर्यंत मी शपथेवर सांगितलं असतं. लाकूड गरम लागलं होतं हाताला, उन्हामुळे. पण मग ते परवाचं असेल. हे सगळे म्हणतात, तर तसंच असेल. आता मलाच माझा भरवसा वाटत नाही." असं म्हणून त्या हसायला गेल्या आणि त्यांना हसता आलं नाही.

डॉक्टर काकांकडे वळले. "तुम्ही चारला आलात. तेव्हा बिल्ला हिरवाच होता ना?"

प्रश्नातच उत्तर तयार होतं. नुसती मान हलवायची होती. मुलगा तयार होता, डॉक्टर तयार होते, बाईसुद्धा तयार होत्या. बाईंचं पाण्यावर येणं तर बंद होणारच होतं, पण आता त्यांचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसाही काढून घेतला जाणार होता, आणि ते काकांच्या मानेवर अवलंबून होतं.

"लाल होता," काका म्हणाले. "मी हिरवा केला."

"म्हणजे चुकून हात लागला असेल," डॉक्टर घाईघाईने म्हणाले.

"चुकून नाही. मला वाटलं, या परत विसरल्या. फोन समोर होता, तोही केला नाही. वहीतसुद्धा लिहिलंय, बघा." त्यांनी वही टेबलावर ठेवली, त्या पानावर उघडून. कोणी ती ओढून घेतली नाही.

मुलगा वाकून ते पान वाचू लागला. बाई मात्र टेबलावर पुढे झुकल्या.

"म्हणजे मी केला होता," त्या म्हणाल्या. मग पुन्हा, मुलाकडे वळून, "ऐकलंस ना? मी केला होता." त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि काकांना क्षणभर वाटलं, सुटलो.

"मी शिक्षा भोगायला तयार आहे," ते म्हणाले. "किल्ल्या आणल्यात. माझ्यासारख्या संशयी माणसाने या कामावर असूच नये."

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा वहीशेजारी ठेवला. बाईंनी त्याकडे बघितलंही नाही. त्या काकांकडे बघत होत्या, आणि आता त्यांना राग आला होता. वाचनालयात चाळीस वर्षं आवाज खाली ठेवलेल्या बाईला येतो तसा, हळू आवाजातला.

"काठ मला दिसत होता," त्या म्हणाल्या. "दोनशे हातांवर. सुरुवातीला अंगात ताकद होती, पोहून सहज गेले असते. गेले नाही. होडी धरून राहिले, कारण मला वाटत होतं, फळ्यावर माझा बिल्ला लाल आहे, आणि फळ्यासमोर मीटरकाका आहेत. दुसरं कोणी असतं तर म्हटलं असतं, विसरली असेल म्हातारी, जाऊ दे. हे नाही म्हणायचे. हे दहा वेळा तपासतील." त्यांनी पदराशी चाळा करावा तसे खरचटलेले हात एकमेकांवर चोळले. "तीन तास मी स्वतःला हेच सांगत होते, काका. तुम्ही संशयी आहात, म्हणूनच तर मी निर्धास्त होते."